पासबुक एकाच्याच हातात का?

खरेदी खाते हे कोणत्याही कारखान्यातले, महापालिकेतले किंवा इस्पितळातले सर्वांत बदनाम खाते. उत्पादनाचा माणूस घाम गाळतो, विक्रीचा माणूस पायपीट करतो, हिशेबनीस डोळे फोडून घेतो. खरेदीचा माणूस मात्र 'खातो', असे सगळे धरूनच चालतात. दिवाळीत त्याच्या घरी येणारी सुक्या मेव्याची खोकी शेजारी मोजून ठेवतात. या संशयातूनच आपल्याकडची खरेदीची सगळी नियमावली जन्माला आली. तीन दरपत्रके, मोहोरबंद निविदा, सर्वांत कमी दराला पसंती आणि कागदाच्या तळाशी चार सह्या. दाराला एवढी कुलुपे घातली; पण घरात सामान किती आहे, ते कोणाकडून आणले, ते वेळेवर आले का आणि त्याचे पैसे आपण वेळेवर दिले का, असे साधे प्रश्न विचारले की किल्ल्यांच्या जुडग्यातली एकही किल्ली लागत नाही.

अलीकडे या प्रश्नांची उत्तरे संगणक देईल असे सांगितले जाते. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी खात्यात आता भिंतीवर पडदे असतात, त्यांवर रंगीत आलेख हलत असतात, कोणता पुरवठादार कधी दगा देईल याचे भाकीत यंत्र करते म्हणतात. 'डेटा' हा परवलीचा शब्द झाला आहे. मराठीत त्याला 'विदा' असा शब्द काढला आहे. शब्द वाईट नाही, पण माझ्या जिभेवर तो बसत नाही. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, आधी लेजरच्या जाडजूड बाडांत आणि नंतर पडद्यासमोर. त्या अनुभवावरून सांगतो, या वस्तूला आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे : नोंद. नोंद कोणी केली, कोणत्या दिवशी केली आणि ती कोणाला दाखवली, हे तीन प्रश्न लेजरला लागू होते तसेच आजच्या सर्वांत हुशार यंत्रणेलाही लागू आहेत. त्यातला तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

खरेदी आणि साठा यांचा विचार आपल्याला परका मुळीच नाही. शिवाजी महाराजांनी १६७३ च्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेची काळजी वाहणारा राजा म्हणून आपण ते वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तेच पत्र एखाद्या भांडारपालाने वाचावे. पावसाळ्यासाठी दाणावैरण साठवली आहे, ती आत्ताच मनमानी उधळाल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, आणि कसेबसे घर धरून राहिलेले कुणबीही निघून जातील. जे लागेल ते बाजारातून विकत आणा. साठा किती, तो किती दिवस पुरवायचा, आणि पुरवणाऱ्याला मोबदला न देता माल उचलला तर पुरवणाराच नाहीसा होतो, या तिन्ही गोष्टी त्या एका पत्रात आहेत. आजच्या व्यवस्थापनशास्त्राने पहिल्या दोन गोष्टींवर ग्रंथ लिहिले. तिसरी अडगळीत पडली.

आता नोंदीकडे वळू. नोंद करायची तर आधी वस्तूला एकच एक नाव पाहिजे. हे वाटते तितके सोपे नाही. एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाऊन बारा मिलिमीटरचा षटकोनी डोक्याचा बोल्ट मागा. तो एका कप्प्यात 'बोल्ट हेक्स एम-१२' म्हणून असतो, दुसऱ्या कप्प्यात 'हेक्सागोनल बोल्ट १२ एमएम' म्हणून, आणि देखभाल खात्याने परस्पर मागवलेला तिसरा ढीग मूळ यंत्राच्या सुट्या भागाच्या क्रमांकाखाली झोपलेला असतो. तिन्हींची बिन कार्डे वेगळी, संगणकातले क्रमांक वेगळे. पहिला कप्पा रिकामा झाला की यंत्रणा इमाने इतबारे तातडीची ऑर्डर सोडते, तातडीचा म्हणून दर जास्त पडतो, आणि दहा पावलांवर तोच बोल्ट गंजत असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यदलांनी हाच अनुभव घेतला. एकाच भागाला प्रत्येक दलात निराळे नाव, त्यामुळे इकडे तुटवडा आणि तिकडे ढिगारे. त्या गोंधळातून पुढे एक सामाईक सूची तयार झाली, आणि आज नाटो राष्ट्रांच्या भांडारांत प्रत्येक वस्तूला तेरा आकडी क्रमांक असतो. कादंबरीत पात्राचे नाव दुसऱ्या प्रकरणात बदलले तर संपादक लाल रेघ मारून हस्तलिखित परत पाठवतो. स्टोअरला असा संपादक सहसा लाभत नाही.

पुरवठादारांच्या नावांचीही तीच तऱ्हा. 'अमुक इंजिनिअरिंग', 'अमुक इंजि. वर्क्स' आणि 'मे. अमुक अँड सन्स' ही तीन नावे, तीन खाती, आणि मालक एकच. तीन दरपत्रके मागवली की तिन्ही त्याच्याच टेबलावरून निघतात. या बाबतीत मात्र आता परिस्थिती सुधारली आहे. जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नोंदणी क्रमांकात पंधरा अक्षरे-आकडे असतात. पहिले दोन राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढचे दहा म्हणजे मालकाचा किंवा कंपनीचा पॅन. ज्याला बघायचे आहे त्याला आता पुरवठादाराचे नाव-गाव लपत नाही. बघायचे आहे का, हा निराळा प्रश्न.

स्टोअरची माणसे दोन जुन्या वर्गवाऱ्या वापरतात. एक पैशांवरून : शंभर वस्तूंपैकी पंधरा-वीस वस्तूंवरच खरेदीचे सत्तर-ऐंशी टक्के पैसे जातात, त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. दुसरी निकडीवरून : ही वस्तू नसेल तर काय अडेल? पैशांच्या यादीत सर्पदंशावरची लस खाली कुठे तरी येईल. निकडीच्या यादीत ती सर्वांत वर पाहिजे. ज्येष्ठ-आषाढात तालुक्याच्या रुग्णालयात ती लस नसली तर भाताच्या खाचरातून उचलून आणलेल्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते, आणि त्या प्रवासात काय होते ते खेड्यात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. ही निकडीची वर्गवारी करायला संगणक लागत नाही, डॉक्टर आणि भांडारपाल यांनी एका टेबलावर बसावे लागते.

औषधांचा विषय निघालाच आहे तर तामिळनाडूकडे पाहिले पाहिजे. तिथल्या सरकारने १९९४ साली औषध खरेदीसाठी एक स्वतंत्र महामंडळ स्थापन केले आणि जानेवारी १९९५ पासून ते काम करू लागले. तोवरची रीत आपल्यासारखीच होती. या महामंडळाने जे केले त्यात डोळे दिपवणारे काही नाही, आणि म्हणूनच मला ते फार आवडते. आधी जरुरीच्या औषधांची एक आटोपशीर यादी केली, म्हणजेच वस्तूंची नावे पक्की केली. खरेदी एका ठिकाणी, पण साठा जिल्ह्याजिल्ह्याच्या गोदामांत ठेवला. गोदामांतला साठा संगणकावर आणला. आणि वाचकांनी लक्षात घ्यावे, हा संगणक १९९५ चा. आलेल्या प्रत्येक बॅचचे नमुने काढून, त्यांवरचे उत्पादकाचे नाव झाकून, नुसता सांकेतिक क्रमांक घालून ते तपासणीला पाठवायचे, म्हणजे हे औषध कोणाचे हे प्रयोगशाळेला कळू नये. नापास झाले तर माल परत, आणि पुन्हा पुन्हा नापास होणाऱ्याचे नाव काळ्या यादीत.

माझ्यातल्या बँकवाल्याला खरी मोहिनी घातली ती मात्र पुढच्या गोष्टीने. रुग्णालयांना औषधांसाठी रोकड द्यायची नाही, पासबुक द्यायचे, असे ठरले. वर्षाला तुमच्या वाट्याला अमुक रकमेची औषधे, ती पासबुकात जमा. गोदामातून माल उचलला की तेवढी रक्कम खर्ची पडते आणि शिल्लक समोर दिसते. परिणामी रुग्णालयाच्या डॉक्टरांना आपला हक्क किती आणि उरला किती हे कोणाला विचारावे लागत नाही. गोदामालाही कोणत्या रुग्णालयात कोणते औषध किती खपते याची आपोआप नोंद मिळते, आणि तीच पुढच्या वर्षीच्या मागणीचा पाया होते. केरळने २००७ च्या सुमारास, राजस्थानने २०११ साली अशीच महामंडळे काढली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये हे काम हाफकिनच्या महामंडळाकडे दिले आणि २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीचे नवे प्राधिकरण स्थापले. संस्थेचे नाव बदलणे हा आपला आवडता उपाय. रुग्णालयाच्या हातात पासबुक दिले का, हे मी विचारीन.

पासबुक ही काय चीज आहे ते थोडे सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीला ती मोबाइलमध्ये विरघळलेली दिसते. बँकेचे लेजर बँकेजवळ. १८९१ च्या एका कायद्यान्वये त्या लेजरचा प्रमाणित उतारा कोर्टात पुरावा म्हणून चालतो, इतका त्याचा दबदबा. तरीही बँक ग्राहकाला पासबुक देते. त्याच नोंदी, त्याच तारखा, दुसऱ्याच्या हातात. बँकेच्या कारकुनाने चुकून तारीख पुढे-मागे केली तर खेड्यातली म्हातारीसुद्धा खिडकीशी येऊन 'साहेब, मी बाजाराच्या दिवशी भरले होते' असे सांगत असे, आणि तिचे बहुधा खरे निघे. लेजरला शिस्त लावणारी खरी वस्तू ती. तपासनीस वर्षातून एकदा येतो. पासबुकवाला रोज येऊ शकतो.

खरेदीच्या आजच्या यंत्रणांत लेजर आहे, पासबुक नाही.

मोठी कंपनी आपल्या पुरवठादारांना गुण देते. मालाचा दर्जा, भाव आणि वेळ या तीन विषयांची परीक्षा. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतींत लघुउद्योजकांच्या छोट्या केबिनमध्ये उत्कृष्ट पुरवठादाराच्या ढाली काचेच्या कपाटात ठेवलेल्या मी किती तरी पाहिल्या आहेत. खाली ढाल आणि वर भिंतीवर थकीत येण्यांचा तक्ता. गुणपत्रिका अगदी बारकाईने केलेली असते. किती नग परत गेले, गाडी किती तास उशिरा आली, सगळे दशांशात. पण ऑर्डर दिल्यावर ड्रॉइंग किती वेळा बदलले, ठरलेली संख्या ऐन वेळी किती वेळा कमी केली, आलेला माल तपासणीविना किती दिवस पडून राहिला आणि बिल किती दिवसांनी चुकते केले, याची गुणपत्रिका कोण लिहिते? यंत्र फक्त मालकाने दिलेले रकाने भरते, आणि मालक खरेदीदार आहे.

मी कर्ज खात्यात होतो तेव्हा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये दरमहा स्टॉक तपासायला जात असे. मालक स्वतः लेथवर उभा राहणारा माणूस. त्याने शंभर पानी वहीत आपल्या मोठ्या ग्राहकाच्या बाबतीत चार तारखांचे चार रकाने आखले होते. टेंपो ग्राहकाच्या फाटकातून आत गेला ती तारीख, माल तपासणीला घेतला ती, माल स्वीकारल्याची पावती निघाली ती, आणि हिशेब खात्याने बिल 'मिळाले' म्हणून शिक्का मारला ती. पहिल्या आणि चौथ्या तारखेत कधी तीन आठवडे, कधी सात. करारात लिहिले होते साठ दिवसांत पैसे. साठ दिवस मोजले जात चौथ्या तारखेपासून. ग्राहकाच्या दृष्टीने तो कधीच उशीर करत नव्हता आणि त्याच्या पुस्तकांत तसे दिसतही होते. खोटी नोंद एकही नाही. फक्त मोजणी कुठून सुरू करायची ते त्याने ठरवलेले.

याचा बँकेत काय परिणाम होतो तो सांगतो, कारण खरेदीवर व्याख्याने देणाऱ्यांना ही बाजू ठाऊक नसते. लहान उद्योगाला खेळते भांडवल किती द्यायचे याचा एक ठोकताळा नायक समितीने नव्वदीच्या सुरुवातीला घालून दिला. वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या पंचवीस टक्के भांडवल लागते असे धरायचे, त्यातले वीस टक्के बँकेने द्यायचे, पाच मालकाने घालायचे. म्हणजे पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो, हे त्यात गृहीत आहे. समजा, वर्षाची उलाढाल १ कोटी २० लाख. लागणारे भांडवल ३० लाख, बँकेचे २४ लाख, मालकाचे ६. आता ग्राहकाने पैसे आणखी दोन महिने थांबवले. महिन्याची उलाढाल १० लाख, म्हणजे २० लाख रुपये जास्तीचे अडकले. बँकेने दिलेल्या २४ लाखांपैकी जवळजवळ सगळेच झाले. त्या वीस लाखांवर शेकडा बारा दराने वर्षाचे व्याज २ लाख ४० हजार. धंद्यात शेकडा सहा नफा सुटतो असे धरले तर वर्षाचा नफा ७ लाख २० हजार. एक तृतीयांश गेला, आणि तोही ग्राहकाच्या एका रबरी शिक्क्यापायी.

एवढ्यावर भागत नाही. बँकेच्या नियमाप्रमाणे नव्वद दिवसांहून जुनी येणी सहसा उचल मर्यादेत, बँकेच्या भाषेत ड्रॉइंग पॉवरमध्ये, धरली जात नाहीत. म्हणजे ज्या महिन्यात ग्राहक पैसे थांबवतो त्याच महिन्यात बँकही हात आखडता घेते. बँकेचे चुकते असे नाही. नव्वद दिवस न आलेला पैसा बुडीत असू शकतो, आणि पैसा ठेवीदारांचा असतो. पण दोन्ही बाजूंनी नियमाने वागणाऱ्या माणसांच्या मध्ये एक तिसरा माणूस चेपला जातो आणि कोणाच्याच संगणकात त्याची नोंद होत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तो मग पतपेढीकडे जातो, सावकाराकडे जातो, कारागिरांचा पगार पुढे ढकलतो, पोलाद हलक्या दर्जाचे घेतो. पुढच्या महिन्यात त्याचे नग नापास होतात आणि गुणपत्रिकेवर लाल रंग चढतो. यंत्र भाकीत करते : हा पुरवठादार धोक्याचा. भाकीत बरोबर असते. कारण मात्र आरशासमोर उभे असते.

पुरवठादार तेवढा साव, असे मला म्हणायचे नाही. पुढच्या रांगेत भरलेली पिंपे आणि मागच्या चार रांगांत रिकामी पिंपे रचून स्टॉक दाखवणारे मी पाहिले आहेत. तोच माल दोन बँकांना तारण दाखवणारे, भावाभावांत बिले फिरवून उलाढाल फुगवणारे, पहिली खेप उत्तम देऊन तिसऱ्या खेपेला पाणी घालणारेही पाहिले आहेत. त्यांच्यासाठी नोंद हवीच, कडक हवी. पण लबाडी फक्त लहानांच्या बाजूला असते असे समजून आखलेली यंत्रणा अर्ध्याच लबाड्या पकडते.

कायद्याने काही केले नाही का? पुष्कळ केले. लघुउद्योगांच्या थकीत रकमेवर व्याज देण्याचा कायदा १९९३ साली झाला. त्याच्या जागी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आला. त्यात लिहिले आहे की लेखी करार काहीही असो, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत दिलेच पाहिजेत. करार नसेल तर पंधरा दिवसांत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि दिवस कधीपासून मोजायचे? माल प्रत्यक्ष पोचला त्या दिवसापासून. पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असे कायदा मानतो. म्हणजे भोसरीच्या वहीतला पहिला रकाना हाच कायद्याचा रकाना आहे. चौथा रकाना कायद्याला माहीतच नाही.

मग अडते कुठे? तक्रारीपाशी. ऑक्टोबर २०१७ पासून थकबाकीची तक्रार घरबसल्या संगणकावरून नोंदवता येते, राज्याराज्यांत त्यासाठी परिषदा आहेत, निकाल विरुद्ध गेला आणि त्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. इतके असूनही ज्याच्या ऑर्डरवर घर चालते त्याच्याविरुद्ध तक्रार करायला सहसा कोणी जात नाही. ग्राहक सुटल्यावर, म्हणजे गमावण्यासारखे काही उरले नाही की, जातात. पाण्यात राहून माशाशी वैर, ही म्हण ज्याने केली त्याने पुरवठ्याचा धंदा जरूर केला असणार. २०२३ च्या वित्त कायद्याने दुसरी वाट काढली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी धरायचा नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरायचा. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आली. त्यात तक्रारदार लागत नाही, हे तिचे शहाणपण. मात्र मुदत कधी संपली हे ठरवायला पुन्हा माल पोचल्याची तारीख लागते, आणि ती कोणाच्या वहीतली घ्यायची?

रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या डिसेंबरात मार्गदर्शक तत्त्वे काढून सुरू करवलेली बिलांची बाजारपेठ, जिला ट्रेड्स म्हणतात, ती माझ्या मते या सगळ्यांत उत्तम कल्पना. २०१७ पासून ती प्रत्यक्षात चालू आहे. पुरवठादार बिल तिथे चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो, बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला बहुधा दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात. ठरल्या दिवशी खरेदीदार बँकेला पैसे देतो, आणि त्याने नाही दिले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात अडीचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नाव नोंदवणे सक्तीचे केले गेले. नाव नोंदवणे सक्तीचे. बिल मान्य करणे नव्हे. लग्नाच्या मंडपात हजर राहायची सक्ती आहे, अक्षता टाकायच्या की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे.

सरकारने स्वतःची खरेदीही बदलली आहे. जुने पुरवठा महासंचालनालय ऑक्टोबर २०१७ अखेर बंद झाले आणि त्याच्या आधी वर्षभर सुरू झालेला जेम हा सरकारी ई-बाजार त्याच्या जागी आला. तिथे माल मिळाल्याची तात्पुरती पावती, मग तपासून स्वीकारल्याचा दाखला आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, असा नियम घातलेला आहे. दाखला कधी निघाला हे विकणाऱ्याला पडद्यावर दिसते. पासबुकाच्या दिशेने टाकलेले हे पाऊल आहे, आणि ते सरकारने खासगी कंपन्यांच्या आधी टाकले, हेही नमूद केले पाहिजे.

आता गंमत अशी की ज्या तारखेवरून एवढे रामायण, ती तारीख आज दोन्ही पक्षांच्या बाहेर, तिसऱ्या ठिकाणी उपलब्ध आहे. टेंपो निघाला तेव्हा ई-वे बिल निघते. पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना ऑगस्ट २०२३ पासून ई-बिलही काढावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खरेदीदार त्या बिलावरच्या कराची वजावट घेतो. ती घ्यायला माल हाती आलेला असावा लागतो. कायद्याची तशी अटच आहे. मग ज्या महिन्यात कंपनी कर खात्याला 'माल मिळाला' असे सांगून वजावट घेते, त्याच महिन्यात तिचेच हिशेब खाते पुरवठादाराला 'तपासणी व्हायची आहे' असे सांगत असेल, तर या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवायला कोणती फार मोठी हुशारी लागते? एका रकान्याची दुसऱ्याशी तुलना करणे हे तर संगणकाला सर्वांत सोपे काम. पुरवठादार उद्या दगा देईल का हे सांगणारी यंत्रणा बनवणाऱ्या हुशार मुलांना हे काम कोणी सांगितलेले नाही, इतकेच.

माझी मागणी त्यामुळे लहानशी आहे. खरेदीदाराकडे जी नोंद आहे तीच पुरवठादाराला त्याच दिवशी दिसावी. माल फाटकातून आत आला, तपासला, इतके नग घेतले, इतके या कारणासाठी परत, बिल अमुक दिवशी मिळाले, पैसे अमुक दिवशी देय. एक पान. 'व्यापारी गुपिते उघड होतील' असे मला एकाने सांगितले. ज्याचा माल त्यालाच त्याच्या मालाची हकिकत कळण्यात कोणते गुपित फुटते, हे मला समजलेले नाही. काही कंपन्या असे पान देतातही. त्यांच्याकडे बघावे, त्यांचे पुरवठादार वीस-वीस वर्षे टिकलेले असतात आणि अडचणीच्या काळात आपला दर आपण होऊन उतरवतात.

वाचकांपैकी अनेकांकडे मोठ्या कंपन्यांचे थोडेफार समभाग असतील. त्यांनी एक काम करून पाहावे. कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या मागच्या भागात, जिथे सहसा कोणी पोचत नाही, व्यापारी देण्यांची एक टीप असते. २०२१ पासून कायद्याने तिथे थकलेल्या देण्यांचे वय सांगावे लागते, सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी वेगळी आणि वादातली वेगळी. चांगला तक्ता आहे. रकाने चार : देय तारखेपासून एक वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षे, दोन ते तीन, आणि तीन वर्षांहून जुनी. कायद्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची, आणि तक्त्यातला सर्वांत लहान रकाना एक वर्षाचा. एक दिवस थकलेले बिल आणि तीनशे चौसष्ट दिवस थकलेले बिल तिथे शेजारी शेजारी, एकाच आकड्यात बसलेली असतात.